गाजलेलं गाणं आणि नेमकं गाणं

सॅम मेंडिस हा दिग्दर्शक 'बीटल्स' या साठच्या दशकातल्या इंग्लिश बँडच्या चौघांवर, म्हणजे जॉन लेनन, पॉल मॅकार्टनी, जॉर्ज हॅरिसन आणि रिंगो स्टार यांच्यावर, चार स्वतंत्र चित्रपट करतो आहे. २०२४ मध्ये घोषणा झाली, एप्रिल २०२८ मध्ये ते पडद्यावर यायचे आहेत, आणि बीटल्सच्या आयुष्याचे व संगीताचे पूर्ण हक्क एखाद्या कथापटाला मिळण्याची ही पहिलीच वेळ आहे. तेव्हापासून रसिकांच्या याद्या सुरू आहेत. 'हे जूड' नसेल तर चित्रपट कसला? 'यस्टरडे' चारपैकी कुणाच्या वाट्याला जाणार? 'अ डे इन द लाइफ' पूर्ण ऐकवणार की तुकडा कापून? एखाद्या मोठ्या बँडवरचा किंवा त्याची गाणी वापरणारा चित्रपट आला की हे ठरलेलंच असतं. एक बाजू संतापून विचारते, इतकं महान गाणं वगळलंच कसं? दुसरी बाजू जाणतेपणाने सांगते, सगळा हक्कांचा आणि पैशांचा व्यवहार आहे, परवडलं ते घेतलं, त्यात कला कसली शोधता? वाद तावातावाने चालतो, आणि दोन्हीकडून चुकीच्या मुद्द्यावर चालतो.

कारण या दोन्ही बाजू वरवर एकमेकींच्या विरुद्ध दिसल्या तरी एकाच गृहीतकावर उभ्या आहेत: पडद्यावर गाण्याची किंमत त्याच्या प्रसिद्धीइतकी. चाहता ती प्रेमाने मोजतो, निर्माता हिशेबाने मोजतो, पण माप एकच. मला हे मापच मान्य नाही. चित्रपटातलं गाणं त्या प्रसंगात, त्या क्षणी काय काम करतं यावरच त्याची निवड तोलली पाहिजे. आणि जो चित्रपट 'ही खऱ्या माणसांची खरी गोष्ट आहे' असं म्हणत आपल्यासमोर येतो, त्याच्यावर आणखी एक बंधन येतं: ते गाणं ज्या काळातून, ज्या धडपडीतून आलं त्या काळाशी प्रामाणिक राहण्याचं. काल्पनिक कथेचा चित्रपट फक्त प्रसंगाचं देणं लागतो. चरित्रपट प्रसंगाचं आणि इतिहासाचं, दोघांचंही देणं लागतो. चर्चा व्हायला हवी ती या देण्यांची.

फ्रान्सिस फोर्ड कोपोलाच्या 'अपॉकॅलिप्स नाऊ' (१९७९) या चित्रपटाची सुरुवात आठवा. ताडामाडांची हिरवी रांग, समोरून सरकत जाणारं हेलिकॉप्टर, आणि मग नापामने एका क्षणात पेटलेलं जंगल. त्यावर 'द डोअर्स' या बँडचं 'दि एंड' वाजतं. डोअर्सचं सर्वांत गाजलेलं गाणं हे नव्हे. त्यांचं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलेलं पहिलं गाणं होतं 'लाइट माय फायर', तेही १९६७ च्या त्याच पहिल्या अल्बममधलं. प्रसिद्धीच्या मापाने निवड केली असती, तर पेटत्या जंगलावर आगीचं गाणं आलं असतं. शब्द जुळले असते, प्रेक्षक ओळखीने सुखावला असता, आणि युद्धावरचा एक महत्त्वाचा चित्रपट पहिल्या दोन मिनिटांतच उथळ झाला असता. त्याऐवजी जवळपास बारा मिनिटांचं, संथ, निरोपाचं गाणं निवडलं गेलं आणि तेही आरंभालाच ठेवलं गेलं. जे सुरू होतंय ते आधीच संपलेलं आहे, ही त्या कथेची जाणीव पहिला संवाद येण्यापूर्वीच प्रेक्षकाच्या अंगात भिनते. या निवडीचं कारण लोकप्रियतेच्या कुठल्या यादीत सापडलं असतं?

प्रश्न 'कुठलं गाणं' एवढ्यावर थांबतही नाही. गाण्याचा कुठला भाग, हाही प्रश्न आहे, आणि आपल्या वादांत तो जवळजवळ कधीच येत नाही. मार्टिन स्कॉर्सेसीच्या 'गुडफेलाज' (१९९०) मध्ये 'डेरेक अँड द डॉमिनोज'चं 'लेला' आहे. या गाण्याचं नाव काढलं की रॉक ऐकणाऱ्या कुणाच्याही कानात सुरुवातीचा गिटारचा तो तुकडा वाजू लागतो. स्कॉर्सेसीने तो घेतलाच नाही. त्याने घेतला गाण्याचा उत्तरार्ध, पियानोवरची ती लांबलचक, उदास, जवळजवळ गोड वाटणारी सुरावट. एकामागून एक प्रेतं सापडत जातात, मोटारीत, कचऱ्याच्या गाडीत, मांस साठवायच्या ट्रकमध्ये, आणि वर तो पियानो. चित्रीकरण चालू असताना त्याने ही सुरावट सेटवर वाजवली होती, म्हणजे कॅमेऱ्याची चालच तिच्या लयीवर बसवली होती. गाजलेल्या गाण्यातला सर्वांत गाजलेला तुकडा बाजूला सारण्याचं धैर्य इथे आहे. 'लेला' घेतलं की नाही, असं विचारणाऱ्याला ते दिसणारच नाही, कारण त्याच्या यादीत खूण करून झालेली असते.

उलट उदाहरणही बोलकं आहे. मायकेलअँजेलो अँटोनिओनीने 'झाब्रिस्की पॉइंट' (१९७०) साठी पिंक फ्लॉइड या बँडला बोलावलं आणि त्यांनी केलेलं बरंचसं संगीत नाकारलं. नाकारलेल्यात त्या बँडच्या रिचर्ड राइटची पियानोवरची एक शांत रचना होती. तीच पुढे 'अस अँड देम' झाली आणि १९७३ च्या 'द डार्क साइड ऑफ द मून' मध्ये गेली. आज मागे वळून त्या दिग्दर्शकाला नावं ठेवणं सोपं आहे. पण संगीत थोर आहे म्हणून ते प्रत्येक दृश्याला हवंच, असं कसं म्हणता येईल? त्याला त्या हिंसक दृश्यावर ती शांतता नको होती. त्याचा निर्णय चुकला असं कुणाला वाटलं तर त्याने त्या दृश्याकडे बोट दाखवून तसं म्हणावं. नंतरच्या कीर्तीचा पुरावा इथे उपयोगाचा नाही.

ही भांडणं चित्रपटाच्या जन्माआधीची आहेत. अठराव्या शतकातल्या इटालियन ऑपेरात नामांकित गायक-गायिका आपल्या हुकमी आरिया, म्हणजे एकट्याने गायची पदं, पेटाऱ्यात घेऊनच गावोगाव फिरत. नाटक कुठलंही असो, कथा कुठलीही असो, त्यांची ठेवणीतली आरिया त्यात घुसवली जाई. श्रोते खूश, गायक खूश, व्यवस्थापक खूश. कथेचं काय होई ते कुणी विचारत नसे. याविरुद्ध ग्लुक हा संगीतकार उभा राहिला. 'आल्चेस्ते' या त्याच्या ऑपेराची १७६९ मध्ये छापलेली प्रस्तावना म्हणजे या रिवाजावरचा हल्ला आहे: संगीताने काव्याची आणि प्रसंगाची सेवा करावी, गायकाच्या दिमाखासाठी नाट्य खोळंबू नये. आपल्याकडच्या संगीत नाटकाच्या सुवर्णकाळातही 'वन्स मोअर'च्या गजरात पदं रंगत, प्रयोग पहाटेपर्यंत लांबत आणि कथानक ताटकळत उभं राही. त्या पदांचं सौंदर्य मी नाकारत नाही. पण त्या सौंदर्यामुळे नाटकाचं काय झालं, हा प्रश्न आपल्या जाणत्या समीक्षकांनी तेव्हाही विचारला आणि तो रास्तच होता. आज 'माझं आवडतं गाणं का नाही' असं म्हणणारा चाहता नकळत त्या पेटारेवाल्या गायकाचीच बाजू घेत असतो.

आता समोरच्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा घेऊ: पैसा आणि हक्क. तो खराच आहे, आणि त्याकडे काणाडोळा करून कलेवर बोलणारा माणूस विश्वासार्ह नाही. चित्रपटात एखादं ध्वनिमुद्रित गाणं वापरायचं तर दोन परवानग्या लागतात. एक रचनेची, म्हणजे शब्द आणि चाल यांच्या प्रकाशनहक्काची. दुसरी त्या विशिष्ट ध्वनिमुद्रणाची, ज्याला धंद्यात मास्टर म्हणतात. हे दोन हक्क बहुतेक वेळा वेगवेगळ्या हातांत असतात आणि कुठलाही एक हात 'नाही' म्हणाला की विषय मिटला. लेनन-मॅकार्टनीच्या बहुसंख्य गाण्यांचे प्रकाशनहक्क ज्या कंपनीकडे होते ती १९८५ मध्ये मायकेल जॅक्सनने ४ कोटी ७५ लाख डॉलरना विकत घेतली, म्हणजे ज्यांनी ती गाणी लिहिली त्यांच्याकडे त्यांचा शेवटचा शब्द राहिला नाही. 'आय अ‍ॅम सॅम' (२००१) या चित्रपटाची कथाच बीटल्सच्या गाण्यांभोवती विणलेली होती, पण त्यात वाजतात ती इतरांनी गायलेली रूपं. वेस अँडरसनलाही 'द रॉयल टेननबाम्स' (२००१) मध्ये 'हे जूड' वाद्यवृंदाच्या रूपातच वापरावं लागलं. 'यस्टरडे' (२०१९) च्या निर्मात्यांनी गाण्यांच्या हक्कांसाठी सुमारे १ कोटी डॉलर मोजल्याच्या बातम्या आल्या होत्या, आणि तेही गाणी नव्याने गाऊन घेण्यासाठी. अशा वेळी दिग्दर्शकाच्या आवडीनिवडीवर चर्चा करणं भाबडेपणाचं नाही का?

नाही. पैसा कुंपण घालतो. कुंपणाच्या आत काय पेरायचं ते तो ठरवत नाही. सारख्याच मर्यादेत दोन दिग्दर्शकांच्या हातून दोन पूर्ण वेगळ्या निवडी होतात. इतकंच काय, कधी कधी मर्यादाच निवड सुधारते. 'डॉनी डार्को' (२००१) च्या सुरुवातीला रिचर्ड केलीला 'इनएक्सएस' या बँडचं 'नेव्हर टेअर अस अपार्ट' हवं होतं. त्याचे हक्क परवडले नाहीत, म्हणून 'एको अँड द बनीमेन'चं 'द किलिंग मून' आलं. पहाटेच्या रस्त्यावरून सायकलने घरी परतणारा तो मुलगा आणि नियतीबद्दलचं ते काळोखं गाणं यांची गाठ अशी बसली की २००४ च्या सुधारित आवृत्तीत दिग्दर्शकाने आपलं मूळ मनातलं गाणं परत आणलं तेव्हा अनेकांना ते परकं वाटलं. मलाही वाटलं. जास्त गाजलेलं गाणं आलं आणि दृश्य सैल झालं.

'बॅकबीट' (१९९४) हा त्याहून चांगला दाखला आहे. बीटल्सच्या हॅम्बुर्गमधल्या दिवसांवरच्या या चित्रपटात त्यांनी स्वतः रचलेली गाजलेली गाणी नाहीत. आहेत ती इतरांची, 'लाँग टॉल सॅली', 'मनी', 'गुड गॉली मिस मॉली', घाम गाळत, जवळजवळ ओरडत वाजवलेली. आणि तेच खरं होतं. हॅम्बुर्गच्या क्लबांत ती मुलं रात्र रात्र इतरांची रॉक अँड रोल गाणीच वाजवत होती. 'लव्ह मी डू' ही त्यांची पहिली तबकडी अजून दूर होती. हक्क मिळाले असते तर कुणीतरी शेवटी एखादं लाडकं गाणं लावलंच असतं आणि त्या कोवळ्या, खरखरीत काळावर नंतरच्या कीर्तीचा मुलामा चढला असता. अर्थात मर्यादा प्रत्येक वेळी उपकारक ठरते असं मी म्हणणार नाही. 'स्टारडस्ट' (२०२०) मध्ये गायक डेव्हिड बोवीची कथा त्याच्या गाण्यांशिवाय सांगण्याचा प्रयत्न झाला, कारण कुटुंबाने परवानगी दिली नव्हती, आणि मध्यभागी एक भोक राहिलं. ज्याच्या आयुष्यातला पेच त्याच्या रचनांमध्येच सुटतो, त्याच्या रचना काढून घेतल्या तर हाती उरतो फक्त पेहराव. हाही प्रसंगाचाच न्याय आहे: गाण्याचं काम काय होतं आणि ते कुणी केलं?

दुसरा आक्षेप अधिक जिव्हाळ्याचा आहे आणि मला तो अधिक मोलाचा वाटतो. ओळखीच्या गाण्यात एक सामुदायिक शक्ती असते. अंधारात बसलेल्या शेकडो अनोळखी माणसांना पहिल्या चार सुरांत एकच आठवण होते, हे लहानसहान काम नाही. मग ती शक्ती दिग्दर्शकाने का नाकारावी? मान्य. प्रसिद्धी हा गाण्याचा दोष नव्हे. 'द ग्रॅज्युएट' (१९६७) साठी पॉल सायमनने लिहून दिलेली दोन नवी गाणी माइक निकल्सने नाकारली आणि संकलनात तात्पुरती लावलेली जुनी, आधीच गाजलेली 'द साउंड ऑफ सायलेन्स'सारखी गाणी कायम ठेवली, कारण त्या तरुणाचा अबोला त्याच गाण्यांत होता. स्कॉर्सेसीने रोलिंग स्टोन्सचं 'गिमी शेल्टर' तर तीन चित्रपटांत वापरलं: 'गुडफेलाज', 'कसिनो' आणि 'द डिपार्टेड'. त्या गाण्यातली घोंघावत जवळ येणारी आपत्ती आणि मेरी क्लेटनचा फाटेपर्यंत ताणलेला आवाज त्याच्या गुन्हेगारी जगाला दर वेळी काहीतरी देऊन गेला. आणि याच दिग्दर्शकाने २००८ मध्ये खुद्द स्टोन्सच्या मैफिलीचा चित्रपट, 'शाइन अ लाइट', केला तेव्हा त्यात हे गाणं नाही. एकच माणूस, एकच गाणं. कुठे हवं आणि कुठे नको, याचा निर्णय जागा पाहून झाला.

पण ओळखीच्या शक्तीचा हवाला देणारे एक गोष्ट विसरतात: ही ओळख अनेकदा चित्रपटानेच घडवलेली असते. 'वेन्स वर्ल्ड' (१९९२) मधला मोटारीतला तो प्रसंग, पाच जण मानेला हिसके देत 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' गातात तो, आज हमखास यशाच्या निवडीचं उदाहरण म्हणून दिला जातो. प्रत्यक्षात स्टुडिओला तेव्हा जोरात असलेल्या 'गन्स एन' रोझेस'चं गाणं हवं होतं. सतरा वर्षं जुनं, 'क्वीन' या बँडचं हे विचित्र घडणीचं गाणं चित्रपटाचा नायक माइक मायर्सने हट्टाने, चित्रपट सोडून जाण्याची भाषा करून ठेवून घेतलं. प्रसिद्धीचं माप लावलं असतं तर ते पडलंच असतं. चित्रपट आला आणि १९७६ मध्ये अमेरिकेत नवव्या क्रमांकापर्यंत गेलेलं गाणं १९९२ मध्ये दुसऱ्या क्रमांकावर पोचलं. पिक्सीजचं 'व्हेअर इज माय माइंड?' १९८८ मध्ये स्वतंत्र तबकडी म्हणूनही निघालं नव्हतं. 'फाइट क्लब' (१९९९) च्या शेवटी, कोसळणाऱ्या इमारतींसमोर ते वाजलं आणि आज त्या बँडची ओळखच ते गाणं आहे. वेस अँडरसनने 'द दार्जिलिंग लिमिटेड' (२००७) मध्ये किंक्स या बँडची तीन गाणी घेतली, तिन्ही १९७० च्या एकाच अल्बममधली, आणि त्या अल्बमचं सर्वांत गाजलेलं 'लोला' मात्र बाहेर ठेवलं. 'स्ट्रेंजर्स' हे गाणं कित्येकांनी त्या चित्रपटात पहिल्यांदा ऐकलं आणि मग त्यांच्यापुढे किंक्सचं एक अख्खं दालन उघडलं. आज जे गाणं आपण सगळे मिळून गातो ते काल कुणीतरी प्रसिद्धी न पाहता निवडलेलं होतं. गाजलेलीच गाणी पुन्हा पुन्हा घेत राहणं म्हणजे पुढच्या हंगामाचं बियाणं दळून खाणं आहे.

शिवाय या सवयीने गाण्याचीही हानी होते, आणि याचं मला सर्वांत जास्त वाईट वाटतं. क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हलचं 'फॉर्च्युनेट सन' (१९६९) हे संतापाचं गाणं आहे. सक्तीच्या सैन्यभरतीत गरिबाचा मुलगा जातो आणि वजनदाराचा मुलगा घरी राहतो, हा वर्गभेदावरचा थेट आरोप त्यात आहे. 'फॉरेस्ट गंप' (१९९४) मध्ये ते व्हिएतनामवर उडणाऱ्या हेलिकॉप्टरबरोबर वाजलं, आणि नंतर चित्रपट, मालिका, व्हिडिओ गेम, सगळीकडे हेलिकॉप्टर आणि जंगल दिसलं की तेच गाणं, असा जवळजवळ नियम झाला. हळूहळू गाण्यातला आरोप गळून पडला आणि उरली स्थळकाळाची पाटी: 'व्हिएतनाम, साठचं दशक'. ज्या गाण्याने प्रश्न विचारला होता त्याला आपण सजावट करून टाकलं. हे कुणा एका दिग्दर्शकाचं पाप नव्हे. 'सगळ्यांना माहीत आहे म्हणून घ्या' या एका कारणाने केलेल्या शेकडो निवडींची ती बेरीज आहे.

आता चरित्रपट. इथे माझी भूमिका अधिक कडक आहे, आणि क्वीनवरचा 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' (२०१८) हा त्याचा सर्वांत मोठा दाखला आहे, कारण तो प्रचंड चालला, त्याला चार ऑस्कर मिळाले आणि कोट्यवधी लोकांच्या मनातली क्वीन आता तीच आहे. त्या चित्रपटात 'वुई विल रॉक यू'चा जन्म दाखवलाय, मिशी राखलेल्या गायक फ्रेडी मर्क्युरीसमोर, १९८० च्या सुमारास. गाणं १९७७ चं आहे. स्टॅफर्डच्या एका मैफिलीनंतर प्रेक्षक आपणहून गात राहिले, त्यातून गिटारवादक ब्रायन मे याला प्रेक्षकांनीच वाजवायच्या गाण्याची कल्पना सुचली. चित्रपटाचे समर्थक म्हणतील, कल्पना तर तीच दाखवली ना? तीन वर्षं इकडेतिकडे झाली तर काय बिघडलं? बिघडलं ते असं. १९७७ हे पंकचं, म्हणजे ओबडधोबड, बंडखोर रॉकचं वर्ष होतं. क्वीनसारखे भव्य, नटवे बँड कालबाह्य झाल्याचं पंकवाले उघड बोलत होते. क्वीन ज्या वेसेक्स स्टुडिओत ध्वनिमुद्रण करत होती तिथेच सेक्स पिस्टल्स हे पंकवालेही आपला अल्बम करत होते. अशा वेळी क्वीनने वाद्यं जवळजवळ खाली ठेवली आणि पायांचे ठोके, टाळ्या आणि एक आवाज एवढ्यावर गाणं उभं केलं. ते त्या वर्षाला दिलेलं उत्तर म्हणून ऐकता येतं. तारीख हलवली की हे ऐकणंच अशक्य होतं, आणि उरतो तो फक्त एका गाजलेल्या गाण्याचा गोड जन्मसोहळा.

त्याहून गंभीर गोष्ट 'हू वाँट्स टू लिव्ह फॉरेव्हर'ची. १९८६ च्या 'हायलँडर' चित्रपटासाठी लिहिलेलं हे गाणं इथे फ्रेडीला आपला एड्सचा आजार कळतो तिथे वाजतं, आणि ते सगळं १३ जुलै १९८५ च्या लाइव्ह एडपूर्वी, म्हणजे वेम्बलीच्या मैदानावर दुष्काळग्रस्तांसाठी झालेल्या मोठ्या मैफिलीपूर्वी, घडताना दाखवलंय. त्याच्या आजाराचं निदान साधारणपणे १९८७ मधलं मानलं जातं. म्हणजे वेम्बलीच्या मंचावरच्या गाण्यांना मरणाची छाया मिळावी म्हणून एका माणसाचं मरण दोन वर्षं आधी ओढलं गेलं. प्रसंग परिणामकारक झाला, हे मी मान्य करतो. डोळे भरून येतात. पण त्या संध्याकाळी फ्रेडी मर्क्युरी मरणाला सामोरा जात नव्हता. तो आपल्या कलेच्या ऐन भरात होता आणि वीस-एकवीस मिनिटांत त्याने ते मैदान ताब्यात घेतलं. तो पराक्रम एवढाच पुरेसा नव्हता का? त्याला शोकाची जोड देऊन आपण त्याचं मोठेपण वाढवलं की त्याच्याकडून काढून घेतलं?

गंमत नाही, पण लक्षात घेण्यासारखं आहे की अनेक चाहत्यांनी या चित्रपटावर आवाज कशावर उठवला, तर लाइव्ह एडच्या प्रसंगातून 'क्रेझी लिटल थिंग कॉल्ड लव्ह' आणि 'वुई विल रॉक यू' गाळली यावर. माझ्या मते ती काटछाट योग्य होती. चढत जाणाऱ्या त्या शेवटात ही दोन गाणी वेग मोडतात, आणि प्रेक्षागृहातल्या वेळेला मैफिलीच्या वेळेचा नियम लागू होत नाही. जिथे दिग्दर्शकाला मोकळीक द्यायला हवी होती तिथे आपण भांडलो, आणि जिथे भांडायला हवं होतं, तिथे हुंदका देऊन गप्प बसलो.

'पण हे तर सगळेच करतात, 'रॉकेटमन'मध्येही गाण्यांचा क्रम उलटसुलट आहे', असं उत्तर येतं. गायक एल्टन जॉनवरच्या 'रॉकेटमन' (२०१९) मध्ये ट्रुबाडूर क्लबच्या १९७० च्या प्रसंगात १९७२ चं 'क्रोकोडाइल रॉक' आहे, हे खरं. पण त्याच गाण्यात एल्टन जॉन आणि समोरचे श्रोते जमिनीवरून अधांतरी उचलले जातात. चित्रपट पहिल्या दृश्यापासून सांगतोय की हे एका माणसाच्या आठवणीतलं, स्वप्नातलं आयुष्य आहे. तिथे कॅलेंडर मागणारा अरसिक ठरेल. 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' मात्र लाइव्ह एडचा मंच पियानोवरच्या पेल्यांसकट हुबेहूब उभा करतो, म्हणजे अचूकतेचा दावा करतो, आणि त्या दाव्याच्या आडून तारखा हलवतो. दोन चित्रपटांत फरक आहे तो वचनाचा. जॉय डिव्हिजन या बँडवरच्या 'कंट्रोल' (२००७) मध्ये अँटन कॉर्बाइनने नटांकडूनच गाणी वाजवून घेतली. ती किंचित कच्ची आहेत, आणि त्या तरुण मुलांच्या हातून तेव्हा ती तशीच निघत असणार असं वाटत राहतं. तिथे 'लव्ह विल टेअर अस अपार्ट' येतं ते मोडत चाललेल्या एका संसाराच्या शेजारी येतं, यशाचा टप्पा म्हणून येत नाही. बँडचं सर्वांत प्रसिद्ध गाणं आहे, आणि तरी प्रसिद्धीचा वासही त्याला नाही.

यात बँडच्या आणि वारसांच्या मालकीचा प्रश्न येतोच. ब्रायन मे आणि रॉजर टेलर हे क्वीनचे दोघे 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'च्या निर्मितीत सामील होते. गाण्यांची किल्ली ज्यांच्या हाती, त्यांचीच कथा आणि त्यांचाच तिच्यावर शेवटचा शब्द, अशी ही रचना आहे. आपल्याच गाण्यांवर त्यांचा हक्क नाही असं मी कधीच म्हणणार नाही. पण गाण्याचा मालक इतिहासाचाही मालक होत नाही. गिटारवादक जिमी हेंड्रिक्सवरचा एक चित्रपट त्याच्या वारसांनी गाणी नाकारल्यामुळे त्याच्या स्वतःच्या रचनांशिवाय झाला, तर क्वीनवरचा चित्रपट सगळी गाणी मिळूनही बँडला मानवेल असाच झाला. परवानगी नाकारणं आणि परवानगी देताना कथेला वळण लावणं, या दोन्ही मार्गांनी आपली स्मृती घडवली जाते. दुसरा मार्ग सुरेल असल्यामुळे त्यावर बोट ठेवणं जास्त अवघड जातं, इतकंच.

म्हणून मेंडिसच्या चार चित्रपटांकडे मी उत्सुकतेने आणि काळजीने पाहतो आहे. पैशाची आणि हक्कांची सबब तिथे उरलेली नाही. दोनशेहून अधिक गाणी समोर मोकळी पडलेली असताना दिग्दर्शक काय उचलतो, यातून त्याला या चौघांबद्दल काय म्हणायचं आहे ते दिसेल. चार माणसांचे चार चित्रपट, या कल्पनेत एक मोठी संधी आहे: एकच गाणं चार जागी चार वेगळी कामं करू शकतं. ऑगस्ट १९६८ मध्ये रिंगो स्टार वैतागून बँड सोडून गेला होता. तो बाहेर असताना उरलेल्या तिघांनी 'बॅक इन द यू.एस.एस.आर.' मुद्रित केलं आणि ड्रम मॅकार्टनीने सांभाळले. मॅकार्टनीच्या चित्रपटात हे गाणं उत्साहाचं असेल. रिंगोच्या चित्रपटात तेच गाणं, आपल्याशिवाय आपली जागा भरली गेल्याचं गाणं असेल, आणि त्याच सुट्टीत सार्डिनियाच्या समुद्रावर सुचलेलं 'ऑक्टोपसेस गार्डन', जे गाणं पोरकट म्हणून सोडून दिलं जातं, ते अचानक एका दुखावलेल्या माणसाचं लपायचं ठिकाण होईल.

आणि जॉर्ज हॅरिसनच्या चित्रपटात? तिथे चाहते 'समथिंग' मागतील, 'हिअर कम्स द सन' मागतील, आणि ती असावीतही. पण हॅरिसनची बीटल्समधली गोष्ट ही मुख्यतः न घेतल्या गेलेल्या गाण्यांची गोष्ट आहे. 'ऑल थिंग्ज मस्ट पास' त्याने जानेवारी १९६९ मध्ये बँडपुढे ठेवलं, तालमी झाल्या, आणि ते मागे पडलं. पुढच्या वर्षी त्याच नावाने त्याचा तीन तबकड्यांचा अल्बम निघाला. त्याआधी, १९६८ च्या उन्हाळ्यात, 'नॉट गिल्टी' नावाच्या त्याच्या गाण्याचे शंभराच्या आसपास टेक झाले आणि तरीही ते 'व्हाइट अल्बम'मध्ये गेलं नाही. बीटल्सच्या आवाजातलं ते ध्वनिमुद्रण लोकांनी ऐकलं थेट १९९६ मध्ये. एका गुणी माणसाने तेच गाणं पुन्हा पुन्हा वाजवायचं, इतर तिघांनी साथ करायची, आणि शेवटी ते बाजूला ठेवलं जायचं: हॅरिसनचं त्या बँडमधलं स्थान याहून नेमकं दाखवणारा प्रसंग मला माहीत नाही. त्या चित्रपटात 'नॉट गिल्टी'च्या त्या टेक्सना पाच-सहा मिनिटं मिळाली, आणि त्यासाठी 'हे जूड' पूर्ण वगळावं लागलं, तरी मी दिग्दर्शकाच्या बाजूने भांडेन.